मातीच्या पोटाची भिंत

दगडी भिंतीला भोक पाडणाऱ्या माणसाला कुणी हसून घरात घेत नाही. तो येतो तोच धूळ घेऊन, आणि तो गेल्यावर चार दिवस अंथरुणात खडे सापडतात. गिरमिटला तर लोक उंबऱ्यातच सांगायचे, "लवकर उरका आणि निघा." गिरमिट म्हणजे लाकडात भोक पाडायचं, हातानं पिळत आत घालायचं हत्यार. माणूसही तसाच होता. बारीक, पिळदार, आणि एकदा बोलायला लागला की समोरच्याच्या आत आत शिरणारा.

चाळीस वर्षं त्यानं जुन्या घरांच्या भिंती फोडल्या. कुणाला पाण्याची पाइप न्यायची असे, कुणाला विजेची तार, कुणाला सांडपाण्याची नळी. दोन फूट, अडीच फूट, एकदा तर साडेचार फूट. काम सुरू करण्याआधी तो भिंतीसमोर उभा राहून तिला शिव्या द्यायचा. "काय गं, फार माजलीस? शंभर वर्षं उभी आहेस, म्हणून तुला कुणी काही विचारायचं नाही होय?" घरातल्या बायका तोंडाला पदर लावायच्या. मग तो भिंतीला कान लावायचा, हातोडीच्या दांड्यानं ठोकायचा आणि डोळे मिटून इतका वेळ गप्प राहायचा की घरमालकाला वाटे, हा उभ्या उभ्या झोपला.

झोपलेला नसायचा. जुनी दगडी भिंत बाहेरून एक दिसते, पण असते तीन. अलीकडे घडीव दगडांचा एक पडदा, पलीकडे तसाच दुसरा, आणि दोघांच्या मधे पोट. त्या पोटात गवंड्यानं उरलेसुरले गोटे, कपच्या, हाताला येईल ते भरलेलं असतं. ते चुन्यात भरलं असेल तर भिंत एकजीव होते. मातीत भरलं असेल तर गोटे नुसते एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून उभे असतात. एक हलला की सगळे हलतात. म्हणून चुन्याच्या भिंतीला जमेल तसं भोक पाडा, पण मातीच्या पोटाला पाण्याचा थेंब दाखवायचा नाही. गिरमिट हे ठोकून, ऐकून आणि बोटांनी ओळखायचा. छिन्नी दगडातून भरावात गेली की मुठीला जे कळतं, ते त्याला भाकितासारखं आधीच कळायचं.

त्याच्या हाताखाली एक जण चार वर्षं शिकला. हुशार, अंगानं दांडगा, बोलायला कमी. गिरमिटनं त्याला रोज गाढव म्हटलं आणि चार वर्षांनी आपली एकुलती लेक दिली. तिथून बिघडलं. जावयानं कोअर मशीन आणलं. हिऱ्याचे दात लावलेला लोखंडी नळा गोल फिरतो, वरून पाण्याची धार चालू असते, आणि दगड साबणासारखा कापला जातो. नव्या इमारतींची कामं त्याच्याकडे रांगेनं आली. एकदा चहाच्या टपरीवर कुणीतरी विचारलं, सासऱ्यांना नाही का घेत बरोबर? जावई म्हणाला, "मामांचं काम उंदराचं. ते कुरतडत बसतात तोवर माझी तीन भोकं होतात."

हे वाक्य गिरमिटपर्यंत पोचायला चहा निवायला लागतो तेवढा वेळ लागला. त्या दिवसापासून चार वर्षं दोघांत शब्द नव्हता. रस्त्यात समोर आला तर म्हातारा दुकानाच्या पाटीकडे बघून मोठ्यानं म्हणायचा, "नमस्कार जावईबापू, पाण्याचं बिल भरलंत का?" आणि पुढे जायचा.

भोकं पाडणाऱ्याची लेक आणि भोकं पाडणाऱ्याची बायको असलेली ती, स्वतः मात्र एका आंधळ्या स्वयंपाकघरात होती. जावयाचं घर आज्याच्या वेळचं. मागच्या अंगाला स्वयंपाकघर, त्याला एकच दार, आणि ते दारही आतल्या खोलीत उघडणारं. खिडकी नाही. चूल पेटली की धूर छताला जायचा, तुळयांना हुंगायचा आणि परत खाली तिच्याकडे यायचा. सहा वर्षांत तिचे डोळे कायमचे लाल झाले आणि छातीत शिट्टी वाजायला लागली. नवऱ्याला ती म्हणायची, "अहो, सगळ्या जगाला भोकं पाडता, मला वीतभर पाडून द्या." तो म्हणायचा, "आईला विचार."

आई म्हणजे विहीणबाई. लोखंडी खुर्चीत बसून घर चालवणारी बाई. त्यांचं उत्तर ठरलेलं असे. "माझ्या सासऱ्यांनी ही भिंत चुन्यात बांधलीये. नखशिखांत चुना. गावात दुसरी दाखवा. तिला तुझ्या धुरासाठी भोसकायचं?"

शेवटी सुनेचा खोकला विहीणबाईंच्या झोपेत शिरला. तीन रात्री मोडल्यावर त्या म्हणाल्या, "एक दिवस देते. एक भोक. बिघडलं तर बुजवायचं, आणि मी जिवंत असेपर्यंत त्याचं नाव काढायचं नाही. ऐकलंस का सूनबाई?"

सुनेनं ऐकलं. त्या एका दिवसावर तिचा सगळा पुढचा श्वास टांगला होता, हे तिला जितकं ठाऊक होतं तितकं बाकी दोघांना नव्हतं.

जावयानं सकाळी मशीन भिंतीला आवळलं. तुळईच्या टोकाखाली, हातभर बाजूला. पाणी सोडलं, नळा फिरला, पहिला पडदा अर्ध्या तासात कापला गेला. त्यानं ठोकून पाहिलं नाही. स्वतःच्या घराची भिंत. लहानपणापासून दिवसातून दोनदा ऐकलेलं, नखशिखांत चुना. परक्याच्या घरात त्यानं अशा बोलण्यावर कधी विश्वास ठेवला नसता.

लेक फडकं घेऊन खाली वाहणारं पाणी टिपत होती. आधी ते करडं होतं. मग ते तांबूस व्हायला लागलं.

ती बापाचे कपडे धूत मोठी झालेली. बादलीतल्या पाण्याच्या रंगावरून तिला कळायचं, आज बाबा कुठल्या भिंतीत होते. करडं म्हणजे दगड. दुधाळ म्हणजे चुना. तांबूस म्हणजे माती.

"अहो, थांबवा. माती येतीये."

"धूळ आहे ती. बाजूला हो."

"अहो, माती आहे!"

मशीननं एक हिसका दिला, कण्हल्यासारखा आवाज केला आणि नळा जागीच अडकला. आतून, भिंतीच्या पोटातून, कुणी पोत्यातून बटाटे ओतावेत तसा आवाज आला. तुळईच्या टोकाखाली गिलाव्यावर केसाएवढी रेघ उमटली.

तिनं पाणी बंद केलं आणि बापाला फोन लावला.

गिरमिट आला तो चपला न काढता आत. पिशवीत छिन्न्या, कपच्या आणि चुना, खांद्यावर दोन वासे. विहीणबाईंनी खुर्चीतूनच स्वागत केलं. "या व्याही. चार वर्षांत लेकीला बघायला वेळ नव्हता, भिंत बघायला बरा मिळाला."

"लेक धडधाकट दिलेली हो तुम्हाला, विहीणबाई. म्हटलं राहील. आता शिट्टी वाजते तिची, ती बाहेर रस्त्यावरून ऐकू आली, म्हणून आलो."

जावई मशीनजवळ उभा होता. "तुम्हाला कुणी बोलावलं?"

"भिंतीनं." गिरमिटनं रेघेकडे पाहिलं, मग तुळईकडे, मग खाली साचलेल्या तांबड्या पाण्याकडे.  मग त्यानं वाकून त्या पाण्यातला गाळ मुठीत घेतला, बाहेरच्या खोलीत गेला आणि विहीणबाईंच्या समोर मूठ उघडली.

"हा घ्या तुमच्या सासऱ्यांचा चुना."

विहीणबाई बघत राहिल्या. "ही... ही खालची जमिनीची माती असेल."

"जमीन फरशीची आहे. तुमच्या सासऱ्यांनी दोन्ही बाजूंनी चुना थापला आणि मधे शेत भरलं. चुन्याचे पैसे कुठं गेले, ते त्यांनाच विचारा भेटतील तेव्हा."

"तोंड सांभाळून बोला! मेलेल्या माणसाबद्दल!"

"मेलेला माणूस तुळई पाडतोय, जिवंतांच्या डोक्यावर. सांभाळू कुणाला?"

मग तो आत गेला आणि पुढचा तासभर त्यानं कुणाशी भांडण केलं नाही, कारण हात रिकामे नव्हते. तुळईच्या टोकाखाली दोन वासे टेकू म्हणून उभे केले, पाचरी मारून ते ताठ आवळले. जावयानं न सांगता दुसरा वासा धरला. चार वर्षं शिकलेलं अंग विसरत नाही. तोंड कितीही फिरवलं तरी हात योग्य जागी येतात. तुळईचं वजन टेकूवर आलं तशी लाकडातून बारीक करकर आली आणि थांबली.

"आता नळा काढायचा," गिरमिट म्हणाला. "बाजूचा एक गोटा त्याला आवळून बसलाय. तो सापडला की सुटेल."

त्यानं भोकाच्या कडेचा एक सुटा दगड काढला आणि त्या जागेतून हात आत घातला. खांद्यापर्यंत. गाल भिंतीला टेकलेला, डोळे मिटलेले. आत त्याची बोटं चाचपत होती. इकडे, तिकडे, परत इकडे. वेळ गेला. नेहमी लागतो त्यापेक्षा कितीतरी जास्त.

"मामा, मिळतोय का?" जावयानं विचारलं.

"गप्प बस."

अजून वेळ गेला. मग त्यानं हात बाहेर काढला, कपाळ पुसलं, आणि लेक ओरडली.

"बाबा! रक्त!"

त्यानं हाताकडे पाहिलं. तीन बोटांची टोकं कापली होती. एकाचं नख उचकटलं होतं. रक्त मनगटावरून कोपरापर्यंत आलं होतं, कपाळावरही लागलं होतं. त्यानं ते असं पाहिलं, जसं शेजाऱ्याच्या मुलाच्या गुडघ्याकडे पाहावं. त्याला काही कळलंच नव्हतं.

 चाळीस वर्षं छिन्नी-हातोडी धरणाऱ्यांच्या बोटांना हे होतं. आधी थंडीत ती पांढरी पडतात, मग मुंग्या येतात, मग काहीच येत नाही. जावयाला हे ठाऊक होतं. त्याच्या लक्षात आलं की सासऱ्याच्या अंगात गुंडीचा सदरा गेल्या दोन वर्षांत दिसलेला नाही, नेहमी डोक्यातून घालायची बंडी.

"कधीपासून?" त्यानं विचारलं.

"तुझ्या आज्यापासून."

"मामा, मी विचारतोय. कधीपासून बोटांना कळत नाही?"

"दोन वर्षं." गिरमिट दाताखालून बोलला. "आता जा टपरीवर. सांग सगळ्यांना. उंदराचे दात पडले म्हणावं."

लेकीनं फडकं फाडून त्याची बोटं बांधली. तो हात मागे ओढत होता, ती पुढे ओढत होती.

दारात विहीणबाई उभ्या राहिल्या होत्या. खुर्चीतून उठून आत येण्याची ही त्यांची त्या महिन्यातली पहिली वेळ. "झालं ना? दिवस दिला होता. बुजवा ते. माती भरा, चुना भरा, काय भरायचं ते भरा. बुजवा."

जावई म्हणाला, "आई म्हणते ते बरोबर आहे. नळा कापून आतच ठेवतो आणि सिमेंटनं बंद करतो. धोका नको."

आणि गिरमिट, ज्यानं चार वर्षांत जावयाच्या एका शब्दाला होकार दिला नव्हता, तो म्हणाला, "बुजवूनच टाका. माझ्यानं होत नाही, तुमच्यानं होणार नाही. टेकू राहू दे तसाच."

दोघं पुरुष एकमेकांकडे न बघता एकमत झाले. जावई सिमेंटचं पोतं आणायला वळला.

"पोत्याला हात लावाल तर बघा."

आवाज लेकीचा होता. घरात तो आवाज याआधी कुणी ऐकला नव्हता. विहीणबाईंनी तर नाहीच.

"भोक कशासाठी पाडत होतो आपण? आठवतं कुणाला?" ती दोघांच्या मधे येऊन उभी राहिली. तिची छाती वाजत होती. "सकाळपासून ऐकतीये. पाणी कुणी लावलं, माती कुणी भरली, बोटं कुणाची मेली. मला धूर बाहेर जायला हवा होता. एवढंच. तुम्ही दोघं मिळून या गावातल्या हजार भिंती आरपार केल्यात. या एकीपुढे दोघांचे एकदम हात टेकतात?"

"सूनबाई, आवाज खाली," विहीणबाई म्हणाल्या.

"खालीच होता सासूबाई, सहा वर्षं. धुरानं खालीच बसवला होता." ती बापाकडे वळली. "तुमची बोटं मेली, कान मेले का?"



"आणि तुम्ही." नवऱ्याला. "तुमच्या बोटांना काय झालंय? चार वर्षं बाबांकडून काय शिकलात, नळ चालू करायला?"

जावयाचा चेहरा तांबडा झाला. त्यानं पोतं खाली ठेवलं. बाही वर केली. भिंतीशी आला आणि हात भोकाच्या कडेनं आत घातला, सासऱ्यानं घातला होता तिथूनच.  गिरमिटनं भोकाच्या दुसऱ्या बाजूला भिंतीला कान लावला आणि हातोडीचा दांडा उचलला.

"काय लागतंय?" त्यानं भिंतीला विचारावं तसं विचारलं.

"गोटा. मोठा."

"हलतो का?"

"नाही."

"मग तो नाही. तो पडद्याचा भाग आहे, त्याला हात लावशील तर घर अंगावर घेशील. खाली जा." त्यानं दांड्यानं दोनदा ठोकलं, ऐकलं. "अजून खाली. माझ्या ठोक्याच्या इथं. पोकळ वाजतंय इथं, मूर्खा, तुला ऐकू येत नाही का?"

"माझा कान नाहीये भिंतीला, हात आहे!"

"मग हात चालव, तोंड नको. काय लागलं?"

"चपटा आहे एक. नळ्यावर आडवा."

"डुलतो?"

"डुलतोय."

"तोच तो चोर. ओढायचा नाही. ओढलास तर वरचे सगळे येतील. आधी त्याच्या वर कपची सरकव." त्यानं पायानं कपच्यांचा ढीग त्याच्याकडे लोटला. "एक. दाब. अजून एक. चुना लाव तिला. कोरडा असा, भिजका नको. पाण्याची सवय लागलीये तुला."

"मामा, एकदा बाहेर येऊ द्या मला, मग तुम्हाला सांगतो."

"आधी बाहेर ये तर खरा."

एकेक कपची आत गेली. एकेक ठोका पडला. जावई हातानं सांगायचा, म्हातारा कानानं तपासायचा, आणि दर दोन शब्दांमागे एक शिवी ठेवलेली, जशी दगडामागे माती. दुपार उलटली. विहीणबाई दारात होत्या त्या तिथंच राहिल्या. त्यांना बसायला कुणी खुर्ची आणून दिली नाही, आणि त्यांनी मागितलीही नाही. शेवटी तो चपटा गोटा जावयाच्या मुठीत बाहेर आला. नळा सैल झाला. दोघांनी मिळून तो ओढून काढला. भिंतीच्या पोटातून काहीच घरंगळलं नाही.

उरलेलं काम कोरडं झालं. छिन्नी आणि हातोडी, चार चार टोले, मग थांबून ऐकायचं. छिन्नी जावयाच्या हातात, कान गिरमिटचा. पलीकडचा पडदा चार बोटं उरला तेव्हा म्हाताऱ्यानं हात वर केला. आतून मारत राहिलं तर बाहेर ताटाएवढी खपली उडते. शेवटची चार बोटं नेहमी बाहेरून घ्यायची. दोघं मागच्या अंगणात गेले. गिरमिटनं ठोकून जागा काढली, खडूनं वर्तुळ आखलं. जावयानं त्यातच छिन्नी लावली. बाविसाव्या टोल्याला दगड आत पडला आणि आतून लेकीचा आवाज आला, "आला! उजेड आला!"

भोकात लोखंडी पाइप बसवली, तिच्या भोवती चुना आणि कपच्या ठासल्या. विहीणबाई बाहेर आल्या, त्यांनी पाइपकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, "वाकडी आहे."

"तुमचा सासरा वाकडा होता," गिरमिट म्हणाला.

आत लेक फरशी पुसत होती. ती झाल्यावर तिनं दोघांना बोलावलं नाही, उलट आतून ओरडली, "आता कुणी आत यायचं नाही. मला चूल पेटवायचीये." आणि आतल्या खोलीत उघडणारं ते स्वयंपाकघराचं दार तिनं लावून घेतलं. आतून कडी घातली.

सासरा आणि जावई अंगणात भिंतीखाली उभे राहिले. दोघांच्या भुवयांवर, मिशांवर, ओठांवर तीच तांबडी माती. बराच वेळ काही झालं नाही. मग पाइपच्या तोंडातून एक पातळ निळी रेघ बाहेर आली, थबकली, जशी नवीन माणूस दारात थबकतो, आणि मग सरळ वर निघाली.

ते बघत राहिले. आतून खोकला ऐकू येतो का, म्हणून गिरमिटनं भिंतीला कान लावला. बराच वेळ लावून ठेवला.

"येतोय का?" जावयानं हळू विचारलं.

"नाही."

जावयानं सुस्कारा टाकला. "चांगलं पडलं भोक माझं."

गिरमिटनं कान भिंतीवरून काढला. "तुझं?"

"छिन्नी कुणाच्या हातात होती?"

"आणि सांगत कोण होतं? तुझी छिन्नी तर आज्याच्या चुन्यात शोधत बसली असती!"

"मामा, तुमची बोटं..."

"बोटांवर जाऊ नकोस! बोटांवर जाऊ नकोस, सांगून ठेवतो!"

भिंतीच्या आत लेकीनं भांड्यावर झाकण ठेवलं. बाहेरचं भांडण तिला अडीच फूट दगडातून अगदी बारीक ऐकू येत होतं. पाइपमधून मात्र एकेक शब्द स्पष्ट येत होता. तिनं चुलीत आणखी एक लाकूड सारलं, आणि धुराचा एक जाड लोट त्या दोघांच्या डोक्यांवरून बाहेर गेला.